देखाव्यातून कापलेली दोन मिनिटं

आमच्या पेठेतल्या गणेश मंडळाच्या देखाव्याचं निवेदन बरीच वर्षं मी लिहायचे, आणि ध्वनिमुद्रणात आवाजही माझाच असायचा. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली, खणखणीत आवाजाची बाई फुकटात मिळत होती. मंडळाला आणखी काय हवं?

त्या वर्षी अध्यक्षांनी विषय दिला, अणुबॉम्ब कसा जन्मला. पुठ्ठ्याचं वाळवंट झालं, लोखंडी मनोरा उभा राहिला, धुराचं यंत्र आलं. मी लिहिलं, जर्मनी आधी बॉम्ब करील या भीतीनं अमेरिकेनं तो करायला घेतला. जर्मनी हरली, तरी काम थांबलं नाही. वाळवंटात चाचणी झाली आणि महिन्याच्या आत जपानची दोन शहरं गेली. चार वर्षांनी रशियानंही स्फोट केला. मग दोघांत आणखी मोठ्या बॉम्बची चढाओढ लागली.

शेवटची दोन मिनिटं त्या वाळवंटालगतच्या लोकांची होती. छपरावरचं पावसाचं पाणी हौदात साठवून पिणारी माणसं ती. चाचणीची राख त्यांच्या छपरांवर पडली. त्यांना सांगितलं गेलं, दारूगोळ्याचं कोठार उडालं.

पहिल्या संध्याकाळी गेले, तर चढाओढीच्या वाक्यावर धुराचा लोट उठला आणि माझा आवाज तिथंच थांबला. टाळ्या पडल्या. पुढचं कापलं होतं.

"मॅडम, शेवट लई रडका होता की," अध्यक्ष म्हणाले. "लोकांना भारी वाटलं पाहिजे."

"मग उरलेलं मी तोंडी सांगते."

ते हसले. मी बाहेर पडायच्या वाटेवर उभी राहिले आणि बोलू लागले. देखाव्याच्या दोन खेपा झाल्या, कुणी थांबलं नाही. तिसऱ्या खेपेला एक म्हातारी थांबली. यंत्रमागावर आयुष्य गेलेली, तेलुगू वळणाचं मराठी बोलणारी.

"राख हौदात पडली, आन् तेच पाणी पिले?"

"हो. लेकरंसुद्धा."

"कोनी सांगितलं न्हाई?"

"कुणीच नाही."

ती मागं वळली आणि तिनं मागच्या बायकांना मोठ्यानं तेलुगूत सगळं सांगितलं. रांग थबकली. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. भरून ठेवलेल्या पाण्यात काही पडणं म्हणजे काय, हे तिथं कुणाला समजवावं लागलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती रोज यायची.

"उद्या देखाव्यांच्या स्पर्धेचे परीक्षक येणारेत. एक दिवस घरी बसा," अध्यक्षांनी बजावलं.

मी गेलेच. घसा बसला होता, तरी परीक्षकांसमोर अख्खी दोन मिनिटं बोलले. एकजण घड्याळ बघत निघाला, पण वाटेत म्हातारी उभी होती. ती हलली नाही.

बक्षीस दुसऱ्या मंडळाला गेलं. विसर्जनाच्या सकाळी अध्यक्ष दारात आले.

"तुमच्यामुळं गेलं, मॅडम."

"व्हय, माझ्यामुळंच," मी म्हटलं. "आत या, चहा टाकते."

चहा पिऊन ते गेले. पुढच्या वर्षी मंडळानं देवळाची प्रतिकृती केली आणि निवेदन दुसऱ्याकडून घेतलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण माफी मी मागितली नाही, आणि मागणारही नाही.