मागच्या वाक्यापासून

ग्रेसी मॅडमना ‘गुड मॉर्निंग’ म्हणण्यात अर्थ नसे. निर्मळ गावातल्या घरून स्कूटरवर गोखिवऱ्याच्या आमच्या कारखान्यात आल्या, की डोक्याचा स्कार्फ सोडता सोडता त्या काल अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करत. “...म्हणून तो व्हॉल्व्ह बदलायचा.” मधे रविवार गेलेला असो, नाहीतर नाताळची सुट्टी. मी नवा असताना त्या दुसऱ्या कुणाशी बोलतायत असं वाटून मागे वळून बघायचो.

आम्ही भट्ट्यांचे कंट्रोल बनवायचो. मॅडम तिथल्या मुख्य इंजिनिअर. मी नुकताच एम.टेक. झालेला, म्हणजे स्वतःच्या मते त्यांचा वारसदार. माझा प्रोग्राम दर दहा सेकंदांनी भट्टीचं पुढचं तापमान आधीच ताडून गॅस किती सोडायचा ते ठरवणार होता. ठरवायचाही, अगदी अचूक. फक्त अर्ध्या मिनिटानं. तोवर भट्टी माझी वाट न बघता पुढे गेलेली असे. सोमवारी गिऱ्हाईक चाचणीला येणार होतं. फसलं तर मालक मला पॅनेलच्या वायरी जोडायला बसवणार होते. मी बाणेदारपणे नवा कॉम्प्युटर मागितला.

“दर वेळी हिशेब कुठून सुरू करतोस?” मॅडमनी विचारलं.

“शून्यापासून.”

“आणि मागचं उत्तर?”

“पुसून टाकतो.”

“अरे, दहा सेकंदांत भट्टी अशी किती बदलते? मागच्या उत्तरापासूनच निघ ना. थोडं सरकव, थोडं सुधार.”

गंमत म्हणजे हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. तसं केल्यावर जुन्याच कॉम्प्युटरवर उत्तर वेळेत येऊ लागलं. चाचणी पार पडली आणि त्या जोरावर मला पुण्यात नोकरी लागली.

निघताना मॅडमनी सुकेळ्यांचा, म्हणजे उन्हात सुकवलेल्या केळ्यांचा, डबा हातात दिला. “आणि हे बघ, एक विसरू नकोस—” एवढ्यात मालकांनी त्यांना हाक मारली आणि माझी रिक्षा निघाली. पुढे कित्येक वर्षं मी हाताखालच्या मुलांना त्या वाक्याचा शेवट ऐकवत आलो. दर वेळी नवा. कधी नम्रता, कधी चिकाटी, एकदा तर देशसेवासुद्धा.

त्या आजारी असल्याचं कळलं तेव्हा निर्मळला गेलो. इतक्या वर्षांत साधा फोन केला नव्हता, म्हणून वाटेत माफीचं भाषण पाठ केलं होतं. खाटेवर त्या अगदी लहानशा दिसत होत्या. मी तोंड उघडणार, तोच म्हणाल्या,

“...डबा परत आण. त्याचं झाकण दुसऱ्या कशाला बसत नाही.”

मला हसू आलं, मग रडू आलं. मधली वर्षं त्यांनी धरलीच नव्हती.

डबा घेऊन जाण्याआधीच त्या गेल्या. तो माझ्याकडेच आहे. पुन्हा भेट झाली तर बोलणं कुठून सुरू करायचं, ते ठरलेलं आहे.