खंडेनवमीचा सूर

आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, आयुष्यभर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं. फुप्फुसांनी दगा दिला आणि क्लॅरिनेट पेटीत गेलं, पेटीवर टॉवेल पडला. तेव्हापासून माणूस गप्प. मी शिकलो इलेक्ट्रॉनिक्स. फुंक न लागणारं वाद्य आबांना करून देतो, असं कोल्हापूरभर सांगत सुटलो. लाकडी खोक्यावर तांब्याच्या पट्ट्या, आत चिप. पट्टीवर बोट ठेवलं की सूर.

आबांनी बोट ठेवलं. "दाराची बेल हाय व्हय ही? दरवेळी आपलं त्येच."

मग प्रोग्राममध्ये लहरीपणा घातला. सूर कधी हलेल, कधी चढेल, नेम नाही. आबा म्हणाले, "आता ह्येला चढलीया." माझं डोकंच फिरलं. लहरीपणा काढून टाकला आणि खोकं कपाटावर टाकून दिलं.

खंडेनवमीला आईनं पूजेला विळी, खुरपं, माझे पाने-पक्कड मांडले, आणि कपाटावरचं खोकंही. पाणी शिंपडलं, उघड्या तांब्यावर ओलं हळदकुंकू फासलं, वर झेंडू. अगं आई, सर्किट आहे ते! मी ओरडणार, तोवर आबा सरकलेलं फूल नीट करायला गेले आणि खोकं बोललं. सूर घसरला, अडखळला, बोट दाबलं तसा वर गेला. ओलं कुंकू पट्ट्यांच्या फटींत उतरलं होतं, त्यातून वीज एका पट्टीतून दुसरीत झिरपत होती. आबांनी दुसरं बोट ठेवलं, मग तिसरं. डोळे मिटले. वरात थांबवून वाजवायचे तेव्हासारखी त्यांची मान हलायला लागली. मला रडू आलं.

संध्याकाळपर्यंत कुंकू वाळलं आणि दाराची बेल परत आली.

"सकाळचं त्ये लाव की," आबा म्हणाले. लावतो म्हटलं. लावतो कसला! कुंकू पुन्हा फासलं, पाणी कमी-जास्त केलं, आईला परत पूजा करायला लावली, तसा प्रोग्राम लिहून पाहिला. दरवेळी काहीतरी वेगळंच निघे, ते सकाळचं काही निघेना. आबा रोज आंघोळ करून खोक्यापुढे बसत, बोट ठेवत आणि म्हणत, "ह्ये न्हवं." मी पुन्हा स्क्रू काढायला बसे. एवढं शिकून काय उपयोग, असं वाटे.

परवा मी काहीच बदललेलं नव्हतं. आबांनी बोट ठेवलं, ऐकलं, बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. जन्मात माझं कधी कौतुक न केलेला माणूस म्हणाला, "झ्याक झालंय बघ. आता ऱ्हाऊ दे."

मग उठले, आतून एक टॉवेल आणला आणि खोक्यावर घातला.