नकाराचा चहा

मेडशीच्या जगदेवभाऊंनी जमवलेल्या लग्नांतली मुलं आता दहावी-बारावीला आहेत. तरी भाऊंचं नाव झालं ते न जमलेल्या लग्नांमुळे. पाहुणे मुलगी पाहून जातात, "कळवतो" म्हणतात आणि मग कळवत नाहीत, ही रीत सगळीकडची. भाऊंच्या मध्यस्थीत ती चालत नसे. आठ दिवसांच्या आत उत्तर यायलाच हवं. नकार असला तर भाऊ स्वतः एसटीने त्या गावी जात, मुलीच्या आईबापांसमोर बसत आणि खरं कारण सांगत. ते सांगून होईपर्यंत त्या घरचा चहा घेत नसत. सांगून झाल्यावर मात्र मागून घेत.

यंदा टीव्हीवर लग्न जुळवण्याचा एक कार्यक्रम पाहताना त्यांना वाटलं, हे नुसते होकारच दाखवतात. नकार कसा द्यावा, हे कोणी दाखवलं तर कितीतरी घरांचा जीव टांगणीला लागायचा वाचेल. ही कल्पना घेऊन ते निताकडे गेले.

निताचं बसथांब्याजवळ ऑनलाइन सेवा केंद्र आहे. पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, आधारची दुरुस्ती, सगळ्यासाठी गाव तिच्यापुढे रांग लावतं. एकोणतीस वर्षांची, वडील नाहीत, घरी आई वच्छला. भाऊंनी तिच्यासाठी आजवर अकरा स्थळं आणली होती. मुंबईच्या निर्मात्यांकडे कार्यक्रमाच्या कल्पना पाठवता येतील अशी एक वेबसाईट तिनेच शोधून काढली. भाऊ सांगत गेले, ती टाइप करत गेली.

"लिव. कार्यक्रमाचं नाव, 'कळवतो'."

"पुढं?"

"एखांदं उदाहरन टाकू. एक मुलगी हाये. वय एकोनतीस. शिकेल, हुशार. अकरा स्थळं आले, अकराही वापस गेले. तरी रोज सकाळी दुकान उघडते."

कीबोर्डचा आवाज एकदाही थांबला नाही. भाऊंना ते खटकायला हवं होतं. ते सांगण्याच्या रंगात होते.

दुसऱ्याच दिवशी वेबसाईटवर आकडा दिसला: सतरा जणांनी पाहिलं. भाऊ खूश झाले. सतरा पाहुणे पाहून गेले म्हणजे आठ दिवसांत निरोप येणारच. आठ झाले, पंधरा झाले. आकडा एकेचाळीसवर गेला. मध्ये एकदा मशीनने पाठवलेला मजकूर आला, की आपल्या सर्जनशील प्रवासाचा आम्ही आदर करतो.

"कोन्या प्रवासाचा? मी तं हितंच बसून हाये," भाऊ म्हणाले. "एकेचाळीस मानसं पाहून गेले अन् एकाच्या तोंडातून शब्द नाही. शिसारी येते अशा मानसाइची. नको तं नको म्हना ना! जीभ झडते काय?"

निता ऐकून घेई. समोरच्या टपरीवरून चहा मागवी. "आज नको, ॲसिडिटी झाली," असं भाऊ म्हणत. रोज.

कारण भाऊंच्या पोटात एक नकार होता. मुंबईला कल्पना पाठवली त्याच दिवशी किन्हीराजा गावचा हरीओम आणि त्याचे वडील भाऊसिंग निताला पाहून गेले होते. बारावं स्थळ. पाचव्या दिवशी भाऊसिंगांचा फोन आला: नको. भाऊंनी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण मुंबईचं उत्तर निताच्याच कॉम्प्युटरवर येणार होतं. नकार सांगून वर "जरा मेल पाहतं का" असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? उद्या सांगू, म्हणाले. मग परवा. बावीस दिवस काउंटरच्या अलीकडे भाऊ मुंबईची वाट पाहत होते आणि पलीकडे ती भाऊंची.

तेविसाव्या दिवशी उत्तर आलं. निताने ते दाखल्याच्या कागदपत्रांची यादी वाचावी तसं वाचून दाखवलं.

"कल्पना बरी आहे. पण नकार मुलीला कॅमेऱ्यासमोरच कळला पाहिजे, आधी अजिबात सांगायचं नाही. अकरा नकारवाल्या मुलीचा व्हिडिओ पाठवा. दिसायला साधारण असेल तर उत्तम. चटकन रडते का, तेही कळवा. मध्यस्थाची गरज नाही."

भाऊ उठून दुकानाबाहेर गेले, चूळ भरली, पुन्हा भरली. तोंडाची चव जाईना. आधी अजिबात सांगायचं नाही. या घाणीत त्यांना सगळ्यात ओळखीचं वाटलं ते हेच वाक्य.

आत येऊन म्हणाले, "लिव. जगदेवकडून नकार. कारन, मानूस रडतानी पाह्याचा आमाले शौक नाही."

"पाठवू?"

"पाठव."

तिने पाठवलं. भाऊ स्टुलावर बसले.

"थे उदाहरनातली मुलगी... तुले तवाच समजलं अशीन."

"माह्याच हातानं लिवलं न काका."

"मंग बोलली काहून नाही?"

"खरंच होतं सारं. फक्त दुकान रोज नाही उघडत मी. रविवारी बंद राह्यते."

भाऊंना हसू आलं नाही. "किन्हीराजावाले नाही म्हनले. लय दिवस झाले."

"माहीत हाये. तुमाले ॲसिडिटी झाली तवाच समजलं. कारन काय सांगतलं?"

"दिवसभर मानसं हिच्यापुढं उभे राह्यतात म्हने. त्याइले घरात राह्यनारी पायजे."

"मंग बरंच झालं," निता म्हणाली. प्रिंटरमधले कागद काढून तिने नीट एकावर एक ठेवले. "माह्यं सोडा. माय रोज चार वाजता साडी बदलून बसते. तुमी येसान म्हनून. बावीस दिवस."

एकेचाळीस जणांना दिलेल्या सगळ्या शिव्या भाऊंना एकेक करून आठवल्या.

"तिले मी नाही सांगनार, काका. तुमीच सांगा."

टपरीवरचा चहा आला. भाऊंनी कप बाजूला सारला. "आता नको. अजून एक घर बाकी हाये."

चार वाजून गेले होते. वच्छलाबाई दाराशीच होत्या, घडीची हिरवी साडी नेसून. भाऊंना पाहताच पदर सारखा करत लगबगीने उठल्या, चहाचं भगोनं हातात घेतलं.

"या भाऊ, या. चहा ठेवतो."

"मंग ठेवजा, वहिनी," भाऊ उंबऱ्यातच थांबून म्हणाले. "पयले बसा."

वच्छलाबाईंनी हातातलं भगोनं खाली ठेवलं आणि बसल्या.