उभ्या पावलाचे माप

आदरणीय कौसल्याबाईंची माझी पहिली भेट बारा वर्षांपूर्वी किनवटच्या मुलींच्या वसतिगृहात झाली. बाई तिथे अधीक्षिका होत्या आणि मी भांडारात नवा लागलो होतो. शिक्षण दहावीपर्यंतच, पण अक्षर बरे, म्हणून याद्या लिहिण्याचे काम मिळाले. माझे नाव विचारण्याआधीच बाई म्हणाल्या, "चप्पल काढ आन् पेपरवर उभा राहा." मी गोंधळलो. त्यांनी पेन्सिलीने माझ्या पावलांभोवती रेघ ओढली. "असंच पोरींचं माप घ्यायचं. दर सहा महिन्याला."

बाईंजवळ माझा गोंधळ कधी संपलाच नाही. झाडलेल्या व्हरांड्यात त्या मुलींना अनवाणी पळू देत आणि फाटकाबाहेर चपलेशिवाय पाऊल टाकू देत नसत. घरोघरी मुलांना वाढत्या पायाचे म्हणून मोठे बूट घेतात; बाईंना तेही चालत नसे. अंगठ्यापुढे करंगळीच्या रुंदीएवढी जागा, बस. मी सारे वहीत लिहून घेई.

एकदा बाई आठवडाभर उदगीरला घरी गेल्या आणि पाचवीची मापे माझ्यावर आली. उभ्या मुली डुलतात, रेघ वाकडी जाते. म्हणून मी त्यांना बाकावर बसवले. रेघा सुरेख आल्या, प्रत्येक कागदावर नाव शुद्ध लिहिले. त्या कागदांवरून नांदेडहून बूट आले. पंधरा दिवसांनी बाईंनी रेणुका नावाच्या मुलीचे मोजे काढले, तर अंगठ्याचे नख काळे पडलेले.

"लागत होते तर बोलली का न्हाईस गं?"

"न्हाई लागत, बाई. लई छान हायेत," असे म्हणून रेणुकाने बूट पोटाशी धरले. ते तिचे पहिलेच बूट होते.

पावलावर भार पडला की ते पसरते, लांबते. बसून घेतलेले माप तोकडेच येते, हे बाईंनी मला तेव्हा समजावले. नोकरी गेली असे मी धरून चाललो होतो. पण संस्थेच्या सचिवांसमोर बाई म्हणाल्या, "मापं माझ्या देखरेखीत झाली. बूट बदलून आणा."

त्या तर उदगीरला होत्या. असे का सांगितले, मी नंतर धीर करून विचारले.

"ती पोरगी का बोलली न्हाई? बूट काढून घेतील म्हणून भ्याली. तुला भ्यायला लावलं, तर पुढची चूक तू बी पोटाशी धरून बसशील. मग बोटं कुणाची चेमटायची?"

मला हे पूर्ण कळले असे आजही म्हणवत नाही. पण त्यानंतर मापाची शंका आली की मी आपणहून सांगू लागलो. रेणुकाही बूट लागले की सगळ्यांत आधी येई.

यंदा बाईंना साठ वर्षे पूर्ण झाली. गौरव समितीने त्यांना चपला द्यायचे ठरवले आणि मापासाठी मला उदगीरला पाठवले. बाई पेपरवर उभ्या राहिल्या. "माझे पाय काय वाढून राहिलेत का आता?" म्हणून हसल्या. त्यांच्या करंगळीवर ताजा फोड होता. दारातल्या चपला मी रेघेवर ठेवून पाहिल्या. तोकड्या होत्या. नोकरी लागल्यावर रेणुकाने त्या आणून दिल्या होत्या.

"बाई, ह्या लागतेत तुम्हाला."

"न्हाई लागत," बाई म्हणाल्या. "लई छान हायेत."

हा लेख रेणुकाही वाचेल. हे लिहावे की नाही, यात माझे दोन दिवस गेले. शेवटी लिहिले, कारण तसे बाईंनीच शिकवले आहे.

बाईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. आमच्या चपलाही कुठे लागल्याच, तर त्यांनी तसे सांगावे, ही विनंती. माप मात्र मी त्यांना उभे करूनच घेतले आहे.