राखाडी ओळीतले व्याही

चहा घ्या आधी. कारण हा किस्सा ऐकल्यावर तुम्ही घरच्या कार्याची कुठलीही यादी माझ्या हातात देणार नाही. आणि बरोबरच आहे म्हणा!

मला एक आजार आहे. वर्डमधलं टेबल वेडंवाकडं दिसलं की माझं डोकं उठतं. एक रकाना रुंद, दुसरा अरुंद, वरची रेघ जाड, खालची बारीक... छे! नोकरीत असताना मी दुसऱ्यांच्या फायलींतली टेबलंसुद्धा न विचारता सारखी करून ठेवायचो. आमची सुनंदा म्हणते, "अहो, कपाट आवरा की कधीतरी असं!" आता कपाट एका क्लिकवर आवरतं का? तुम्हीच सांगा.

तर आमच्या लेकीचा, प्राजूचा, साखरपुडा ठरला. मुलगा लासलगावचा. त्याचे वडील आबासाहेब कांद्याचे व्यापारी. माणूस दिलदार, पण मानापानाला भारी हळवा. कार्यक्रम नाशकात, गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर. मुहूर्त दुपारचा, म्हणून जेवणं आधी. आबासाहेबांनी कांद्याची गोणीच पाठवली आणि फोनवर बजावलं, "पाहुणं, भजी आमच्याच कांद्याची झाली पाहिजे बरं का!"

आता आमच्याकडची काही मंडळी माळकरी, कांदा-लसूण वर्ज्य. म्हणून मी आमच्या पाहुण्यांचं देखणं टेबल केलं आणि माळकऱ्यांच्या ओळी राखाडी केल्या. नाशकातल्या द्वारका चौकाजवळचे बाळूभाऊ आमचे केटरर. त्यांना सांगितलं, "राखाडी ओळ दिसली की बिनकांद्याचं ताट. बाकीच्यांना नेहमीचं."

"काळजीच नको साहेब!"

इथपर्यंत सगळं झकास होतं की नाही?

आदल्या दिवशी लासलगावहून त्यांच्या पाहुण्यांची यादी आली. अरे देवा! तीन तऱ्हेचे फॉन्ट! रकाना इतका अरुंद की खुद्द आबासाहेबांच्या नावाचे तुकडे पडलेले. मी लगेच बसलो. रकाने सारखे केले, रेघा सारख्या केल्या, त्यांची यादी आमच्या यादीखाली जोडली. तरी काहीतरी खुपत होतं.

मग लक्षात आलं. वरच्या टेबलात राखाडी पट्टे आणि खालचं पांढरंफटक! मुलीकडचं टेबल नटलेलं आणि मुलाकडचं ओकंबोकं? शोभतं का हे? वर्डमध्ये तयार डिझाइन असतं बघा, एक ओळ राखाडी, एक पांढरी. खालच्या टेबलावर तेच दाबलं! दोन्ही घराणी कशी सख्खी भावंडं दिसायला लागली. कागद बाळूभाऊंकडे धाडला आणि मी खुशीत शीळ घालत फिरलो.

हसू नका, पुढे ऐका.

पंगत बसली. बाळूभाऊंनी यादीच्या क्रमानं नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या. मुलाकडच्या रांगेत पहिलं नाव आबासाहेबांचं. त्यांच्या ताटात बिनकांद्याची वांगी आणि बटाट्याची भजी. शेजारी धाकट्या भावाच्या ताटात खमंग कांदाभजी. त्यापलीकडे मेहुण्यांना बटाटा. त्यापलीकडे मामांना कांदा. पार टोकापर्यंत असंच!

आबासाहेबांनी वाढप्याला खूण केली. "कांदाभजी आण रे इकडं."

"नाय साहेब, तुम्हाला कांदा द्यायचा नाय. तसं सांगितलंय."

आबासाहेब भरल्या ताटावरून उठले. अंगठी अजून डबीतच होती. प्राजूचे डोळे भरून आले.

"पाहुणं, गोणी आमची, आन् आम्हालाच कांदा बंद? भावाला वाढता, मला नाय! आमच्या घरात भांडणं लावताय का?"

मी तरातरा बाळूभाऊंवर धावून गेलो. "कांद्याच्या व्यापाऱ्याला बिनकांद्याचं ताट? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

त्यांनी शांतपणे माझाच कागद पुढे धरला. "साहेब, मलाबी नवल वाटलं. लासलगावची माणसं, आन् एकाआड एकानं कांदा सोडलेला! पण राखाडी म्हंजे बिनकांदा, हे तुम्हीच म्हणले ना?"

मी कागदाकडे बघितलं. त्याही क्षणी मनात आलं, काय सुरेख टेबल झालंय!

सुनंदानं कपाळावर हात मारला. "आबासाहेब, ह्यांनी नुसतं सजवलंय हो! ह्यांना सगळी टेबलं सारखी लागतात."

मी हात जोडले. "तुमची यादी आमच्यापेक्षा कमी दिसू नये, एवढाच हेतू होता हो."

आबासाहेबांनी कागद हातात घेतला. "म्हंजे आमचा मान ठेवायला आमचा कांदा काढला?" आणि असे गदगदून हसले की टोपी ताटात पडायची राहिली! मग कांदाभजीचं अख्खं ताट समोर घेऊन बसले. अंगठी वेळेवर बोटात गेली. मी मात्र लासलगावात 'राखाडी पाहुणे' झालो तो कायमचा.

पुढे लग्न लासलगावला झालं. मानाच्या पंगतीची यादी आबासाहेबांनी स्वतः माझ्या हातात ठेवली. "टेबल तपासून घ्या पाहुणं. तुम्हाला लय बारीक नजर हाय."

मी तपासलं. रकाने सारखे. रेघा सारख्या. फॉन्ट एकच. नावं एकाखाली एक, सरळ रेषेत. सगळ्या ओळी पांढऱ्याशुभ्र.

फक्त एक राखाडी. माझी!

कांद्याच्या गावात, भरल्या पंगतीत, बटाट्याची भजी खाणारा मी एकटा. तक्रार करायला तोंड उघडलं होतं, पण करणार कुठल्या तोंडानं? टेबलात एकही चूक नव्हती.