गाइडसकट चंद्रपूर

चंद्रपूरला जायचं तर गाइड घेऊनच जायचं, हे मी नाशकातच ठरवून टाकलं होतं. आईला विचारत बसलं की ती 'राहू दे' म्हणते आणि मग ते काम खरंच राहतं. तिचं माहेर-सासर दोन्ही नांदेडकडचं. दर चैत्रात गावातल्या बाया ट्रकमध्ये बसून चंद्रपूरच्या महाकालीला जायच्या, गाणी म्हणत जायच्या आणि कपाळभर कुंकू घेऊन परत यायच्या. आईला मात्र वडिलांनी कधी पाठवलं नाही. आपल्या घरची देवी वेगळी, हे त्यांचं कारण. वडील गेले, आई माझ्याकडे राहायला आली, आणि या वर्षी एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "ती देवी तेवढी राहिली बघ."

माझं औषधाचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या प्रेशरच्या गोळ्या काढून देणारी मी, आईच्या छातीत एक स्टेंट घातलेली असताना तिला यात्रेच्या गर्दीत कशी सोडणार? फोनवर एक गाइड शोधला. गाडी त्याची, चालवणार तोच. सकाळी शहर दाखवणार, दुपारी ऊन उतरल्यावर बाजूच्या दारानं देवीचं दर्शन करवणार आणि संध्याकाळी रेल्वेत बसवून देणार. नदीत आंघोळ करायची नाही, हे मी त्याला दोनदा बजावून सांगितलं. यात्रेकरू आधी झरपट नदीत बुडी मारतात आणि ओलेत्यानं देवीपुढे जातात, हे मला माहीत होतं. त्या पाण्यात काय काय असतं हेही माहीत होतं.

गाइड चाळिशीतला, इस्त्रीचा शर्ट घातलेला, बोलणं रेडिओसारखं. "चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी. या नगरीस चार वेशी आणि पाच खिडक्या आहेत," असं तो आरशात माझ्याकडे बघून सांगायचा. त्यानं जटपुरा वेस दाखवली, तट दाखवला. आई खिडकीतून सगळं बघत होती. एवढा लांब तट बघून ती एकच म्हणाली, "आन् नदी कुठं हाय?"

"नंतर," मी म्हणाले.

पठाणपुरा वेशीपाशी तिनं परत तेच विचारलं. गाइड सांगायला लागला तसं मी त्याला गप्प केलं. मनात म्हटलं, हिला एकदा नदी दिसली की ही ऐकणार नाही. आईचा हट्ट आवाज करत नाही, पण मांजरासारखा असतो. दार लावलं तरी कुठूनतरी आत येतोच.

मग राजांच्या समाध्या. राणीनं आपल्या राजासाठी बांधलेली मोठी समाधी आहे, दगडी, आत गारवा. तिथं मात्र मला खरंच बरं वाटलं. चैत्रातलं ऊन, त्यातून चंद्रपूरचं. डोक्यावर तवा धरल्यासारखं. आई एका ओट्यावर बसली. तिची पिशवी, तिचा फोन माझ्याकडेच होता, हरवायला नको म्हणून. मी गाइडशी दर्शनाच्या वेळेवरून बोलत होते. तो म्हणत होता आज गर्दी फार आहे, बाजूचं दार बंद असेल. मी म्हणत होते की मग फोनवर कबूल कशाला केलंत? आवाज चढला माझा. त्याचाही थोडा चढला. वळून बघते तर ओटा रिकामा.

आधी मी चिडलेच. कुठं सावली बघून बसली असेल म्हणून समाधीमागे गेले. तिथं नव्हती. दुसऱ्या समाधीत नव्हती. पाण्याच्या टाकीपाशी नव्हती. मग चिडायचं सुचेनासं झालं. सकाळी तिनं नाश्ताही नीट केला नव्हता हे एकदम आठवलं.

"तुम्ही लक्ष ठेवायचं ना!" मी गाइडवर ओरडले. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि त्याची रेडिओची मराठी कुठल्या कुठे पळाली होती.

"म्याडम, मी तुमच्याशीच बोलून राह्यलो होतो ना. थांबा. काऊन घाबरून राह्यल्या? इथून वेस ओलांडली का नदीच हाय. मावशी तिथीच गेली असंन."

अंचलेश्वर वेशीतून पुढे गाडी सोडत नव्हते. आम्ही पायी निघालो. वेशीबाहेर पडलो आणि माझा धीरच सुटला. एवढी माणसं! डफ, हलगी, हळदीनं पिवळे झालेले चेहरे, केस मोकळे सोडून घुमणाऱ्या बाया, ओल्या साड्या, ओली मुलं. आईनं हिरवी साडी नेसली होती. मी तीच खूण धरून शोधायला लागले, तर बघावं तिकडे हिरवी साडी.

हरवलेल्यांसाठी एक मांडव होता. तिथल्या माणसानं आईचं पूर्ण नाव विचारलं, वर्णन विचारलं. कुठून आलात, नाशकाहून. त्यानं लगेच भोंग्यावर सांगितलं: नाशिकहून आलेल्या अमुक अमुक बाई, तुमची मुलगी मांडवात वाट पाहत आहे. आईचं नाव सगळ्या नदीवरून घुमत गेलं. मी मांडवाच्या खांबाला धरून उभी राहिले. कुणीच आलं नाही. त्यानं परत सांगितलं. परत कुणी आलं नाही.

गाइड म्हणाला, उभं राहून उपयोग नाही. तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरला आणि काठाकाठानं प्रत्येक म्हातारीच्या तोंडाकडे वाकून बघत चालला. एकदोघींनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. मी काठावरून चालत होते. एका हळदी-कुंकवाच्या पालावरच्या बाईला विचारलं. हिरवी साडी, चष्म्याला काळा दोरा, ठेंगणी.

"आली होती ना," ती म्हणाली. "कनवटीचे पैसे काढून कुंकू घेतलं माह्याजवळून. मी म्हटलं, आजी, तुमच्यासंगं कोण हाय? तर म्हणे, कोणीच नाई, एकटीच आली."

"एकटी?"

"हो. मंग तिकडल्या बायांसंगं गेली पाण्यात. मराठवाड्यातल्या दिसत होत्या."

एकटी! मला त्या बाईचा राग आला, जणू तिनंच ते म्हटलं होतं. आईला कळत नसेल का आता? विसरली असेल का मला? आमच्या दुकानात असे लोक येतात, स्वतःच्या मुलाला 'तुम्ही कोण' म्हणणारे आईबाप घेऊन.

तेवढ्यात खालच्या अंगाला गलका झाला. माणसं धावायला लागली. कुणीतरी ओरडलं, म्हातारी पडली पाण्यात. मी धावले. किती जणांना ढकललं, कुणाच्या पायावर पाय दिला, मला आठवत नाही. चारजण एका बाईला उचलून काठावर आणत होते. हिरवी साडी. तोंडावर पदर आलेला. हात लुळा लोंबत होता आणि हातात हिरव्याच बांगड्या. मी 'आई' म्हणायला तोंड उघडलं. कुणीतरी पदर बाजूला केला. ती आई नव्हती. कुणाची तरी होती, उन्हानं भोवळ आलेली. पाणी मारल्यावर तिनं डोळे उघडले आणि तिचा मुलगा ओक्साबोक्शी रडायला लागला. मी मट्‌कन खाली बसले. आपली नाही म्हणून मला आनंद झाला होता, आणि तो त्या मुलासमोर लपवताही येत नव्हता.

गाइड आला. भिजलेला, दमलेला. "मी मंदिरात पाहून येतो," म्हणाला. सकाळी गाडीतच त्यानं सांगितलं होतं की त्यांच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, आजोबांच्या पिढीपासून; तो पाहुण्यांना देवळाच्या दारापर्यंत सोडतो आणि रसवंतीवर थांबतो. मी त्याला त्याची आठवण करून दिली.

"माणूस शोधायले चाललो म्याडम, देव पाहायले नाई," म्हणाला आणि चपला माझ्यापाशी काढून गर्दीत शिरला.

मी त्याच्या चपला राखत बसले. भोंगा अधूनमधून आईचं नाव घेतच होता. शेजारून जाणाऱ्या दोन बाया एकमेकींना म्हणाल्या, "नाशकाची कोन बाई हारवली गं माय, बिचारी." मला त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं की हरवलेली मी आहे. चूक की बरोबर देव जाणे, पण तसंच वाटत होतं.

बऱ्याच वेळानं तो परत आला. मंदिरात नव्हती. तो माझ्या शेजारी टेकला आणि बोटं मोडत विचार करायला लागला. "न्हाली असंन. ओलेत्यानं दर्शन घेतलं असंन. मंग आता काय रायलं? सैंपाक. नांदेडकडचे लोक इथीच पुरणाचा निवद करतात, मैदानात, आपल्या ट्रकाजवळ. चला. सव्वीस नंबरचे, म्हंजे नांदेडचे, ट्रक पाहू."

मैदानात ट्रकांच्या सावल्यांत तीन दगडांच्या चुली पेटल्या होत्या. आम्ही पाट्या वाचत फिरलो. ज्या ट्रकवर एमएच सव्वीस, त्याच्या सावलीत जाऊन बघायचं. काही ट्रक निघायच्या बेतात होते, लोक भांडी चढवत होते. एक तर आमच्या डोळ्यांदेखत धूळ उडवत गेला, मागे बायका गच्च भरलेल्या, तोंडावर पदर घेतलेल्या. त्यात आई असली तर? मी त्याच्यामागे धावले आणि थोडं धावून थांबले. तो केव्हाच रस्त्याला लागला होता.

"नाई म्याडम, त्या पोरीबाळी होत्या," गाइड म्हणाला. त्यानं पाहिलं होतं की नव्हतं, कोण जाणे.

मग माझा संयम संपला. मैदानाच्या मधोमध उभी राहिले आणि जीव खाऊन ओरडले, "आई!"

जवळच्या चुलीपाशी बसलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी माना वर केल्या. प्रत्येकीला वाटलं आपलीच लेक. एकीनंच मान वर केली नाही. परातीत तोंड घालून ती कणीक तिंबत होती. तीच माझी.

साडी अंगावरच वाळत आलेली, केस ओले, कपाळ हळदीनं पिवळं. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि पहिल्यांदा तिची नाडी धरली, मग तोंड सुटलं माझं. काय काय बोलले! लाज नाही का वाटत, काही झालं असतं तर, मी मेले असते इथं. आजूबाजूच्या बाया हात थांबवून बघायला लागल्या. त्यांच्यातली एक दणकट बाई उठली.

"तुमी कोन हिच्या?"

"लेक आहे मी तिची!"

ती आईकडे वळली. "माय, लेक हाय म्हनली नाहीस? आमाला वाटलं येकलीच हायस, म्हनून तर ट्रकमधी जागा धरली तुझ्यासाठी. गावाला सोडनार होतो तुला."

आई कणकेचे हात चोळत म्हणाली, "लेक हाय म्हनले असते तर तुमी आधी तिला हुडकलं असतं. आन् तिनं मला न्हाऊ दिलं नसतं."

मला भयंकर राग आला होता आणि रडूही येत होतं, आणि त्या चुलीच्या धुरात कुठलं कशाचं ते कुणाला कळलंही नसतं.

"भोंगा ऐकला नाहीस?" एवढंच मी विचारलं.

"ऐकला की."

तेव्हा त्या दणकट बाईच्या डोक्यात उजेड पडला. यात्रेत कुणी कुणाला नाव विचारत नाही, गाव विचारतात आणि गावावरूनच हाक मारतात. आईनं आपलं गाव सांगितलं होतं. त्यामुळे मघापासून त्या सगळ्या जणी त्या नाशकाच्या बाईबद्दल हळहळत होत्या, आणि ती त्यांच्यातच बसून कणीक तिंबत होती.

"म्हंजी ती हारवलेली तूच का गं?"

आईनं मान हलवली. बाया हसायला लागल्या, एकदोघी तिच्यावर रागावल्याही. मी मात्र हसले नाही. मी तिथंच चुलीच्या कडेला मांडी घातली. तेवढ्यात भोंगा परत खरखरला आणि आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं एका दमात मैदानावर आलं. गाइड ताडकन उठला. "थांबा, मी बंद करायले सांगून येतो. सापडल्या म्हणतो."

"राहू द्या भाऊ," आई म्हणाली. "आजून एकदा घेऊ द्या त्याला."

"अगं, कशाला?" मी म्हणाले.

"दुसरीपर्यंत शाळंत मास्तर घ्यायचे हजेरीला. त्यानंतर माझं नाव कुनी येवढ्या मोठ्यानं घेतलं नव्हतं."

गाइड तसाच खाली बसला. थोड्या वेळानं भोंगा पुन्हा खरखरला, आणि आम्ही सगळ्यांनी हातातलं काम थांबवून ते ऐकलं.