बव्हेरियाचं गाऱ्हाणं

त्या दुपारी देवळाच्या मंडपात कोण कोण होतं ते आधी सांगते, नंतर कोणी म्हणायला नको की मी नव्हतो. मी होते. माझी सून होती. माझी नात होती, सावंतवाडीला नर्सिंग शिकून आलेली. वाडीतल्या आणखी तीन पोरी आणि त्यांच्या आया होत्या. माझा धाकटा दीर होता, गावचा मानकरी, देवासमोर गाऱ्हाणं तोच घालतो. आणि एक साहेब होता, जर्मनीत पोरी पाठवणारा. गाडीतून उतरल्यापासून त्याचा रुमाल नाकावरून हलला नव्हता. मासे वाळत होते ना बाहेर.

साहेबाने खांबाला एक मोठं रंगीत चित्र बांधलं. पोरी ज्या मुलखात जाणार त्याची ती खूण, म्हणाला. मुलखाचं नाव बव्हेरिया. चित्रात दोन सोनेरी सिंह मागच्या पायांवर उभे, मध्ये ढाल धरलेली. ढालीवर आणखी एक सिंह, मग तीन काळे सिंह एकाखाली एक, एक निळा वाघ जीभ बाहेर काढलेला, एक लाल चौकोन, त्यात करवतीसारखे पांढरे दात. आणि मधोमध निळे-पांढरे शंकरपाळे.

"हा निळा पँथर आहे," साहेब बोलला. "प्रत्येक चिन्हाला इतिहास आहे. एकेक चिन्ह म्हणजे तिथला एकेक भाग."

दिराने काय करावं? वाघ-सिंह बघितले, देवीचं वाहन समजला, उठला आणि चित्राला झेंडूची माळ घातली, निळ्या वाघाच्या कपाळाला कुंकू लावलं. साहेबाने त्याचा फोटो काढला. दोघे खूश.

मग भिंतीवर चादर लावून हलती चित्रं. तिथले बाप्ये कातडी आखूड चड्डी घालतात आणि नाचताना स्वतःच्याच मांड्या नि बुटांवर थापा मारतात. बायका घेरदार झगे घालतात, त्यावर एप्रन. एप्रनची गाठ डावीकडे असली तर ती बिनलग्नाची, उजवीकडे असली तर लग्न झालेली. नवरा मेला असेल तर गाठ मागे.

"बगलंस?" मी सुनेला म्हटलं. "थंयसरय आमका मागेच ठेवतत."

पितळी वाजंत्री झाली. हंड्याएवढ्या पेल्यातून बियर झाली, तेव्हा दीर जरा पुढे सरकून बसला. पाव झाला, दोरीसारखा गाठ मारलेला, वर जाडं मीठ. बर्फाचे डोंगर झाले. एक वाडा झाला, कुठल्या राजाचा. दोन तास हे चाललं. पोरी हसत होत्या, माझी नातसुद्धा.

मी वाट बघत होते. पोरी जाणार होत्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला, एवढं मला ठाऊक होतं. त्या दोन तासांत एक म्हातारं माणूस दिसलं नाही. दिसलं ते एकच, दाढीवाला, बियर पिणारा, धडधाकट.

चादर काढायला लागले तेव्हा मी विचारलं, "साहेब, म्हातारी माणसां खंय आसत?"

"अं?"

"ज्येंच्यासाठी चेडवां जातत ती. ती आंथरुणात पडलेली असतली. तेंका उचलता कोण? हागणा-मुतणा कोण काढता?"

साहेबाने तोंड असं केलं, जसं मी ते त्याच्यासमोरच काढलं. "आजी, अहो, आत्ताच सगळे जेवून आलेत. ते सगळं ट्रेनिंगमध्ये कळेल. तिथे मशीन असतात."

"मशीन हगता काय?"

आया पदर तोंडाला लावून हसल्या. एकजण म्हणाली, "काकी, तुका जावचा आसा काय जर्मनीक? ये, तुझी गाठ मागे बांधतंय."

दीर म्हणाला, "वयनी, गप रव गे जरा. देवळात असले विषय काढतत?"

देवळात काढू नये, जेवणावर काढू नये, चार माणसांत काढू नये. माझी सासू अकरा वर्षं एका कुशीवर होती. माझा नवरा समुद्रात गेला तो आलाच नाही, त्याच्या दुसऱ्या वर्षी तिचं अंग गेलं. सकाळी तिचं धुवायचं, वाकळ खाडीवर नेऊन आपटायची, मग ओहोटीला खडकावरच्या शिंपल्या फोडून कालवं काढायची, परत येऊन तिचं पुन्हा धुवायचं. हाताला आधी शिंपल्यांच्या चिरा, त्यात ते पाणी. ह्या दिराची ती आई. अकरा वर्षांत त्याने तिचं एक फडकं उचललं नाही. येऊन उंबऱ्यावर उभा राहायचा, नाक धरून विचारायचा, "आये, बरी आसस मा?" मला त्या वासाची शिसारी कधीच आली नाही. त्या धरलेल्या नाकाची यायची.

साहेब दिराला बाजूला घेऊन काही पुटपुटला. आमच्याकडची रीत त्याला कोणीतरी शिकवली होती. दिराने नारळ घेतला, देवासमोर उभा राहिला. सगळे उठले. आमच्यात गाऱ्हाणं सुरू झालं की जो असेल त्याने प्रत्येक वाक्याला होकार द्यायचा असतो. तो एकदा गेला की बोललेलं देवाकडे पोचलं, मग मागे फिरता येत नाही.

"बा देवा म्हाराजा," दिराने सुरू केलं, "आज तुझ्या मंडपात ही जी काय चार चेडवां बसली आसत, ती सातासमुद्रापलीकडे त्या बव्हेरियाच्या मुलखात चलली आसत. तेंका वाटेत काय वायट होवक दिव नको म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"थंयच्या वाघ-सिंवांनी तेंची राखण करूची!"

"होय म्हाराजा!"

"जा काम पुढ्यात येयत, ता तेंनी मुकाट्यान करूचा, आणि तीन वर्षां पुरी जायसर एकानय पाठी फिरू नये म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

हे तिसरं मीही म्हटलं. साठ वर्षांची सवय. तोंड आपलं आपण चाललं. म्हटल्यावर कानावर आलं काय म्हटलं ते. तोंडात जणू सडकं कालव गेलं, आणि चार माणसांत थुंकता येत नव्हतं.

घरी आल्यावर नात म्हणाली, "आजये, तूय होय म्हणालंस."

"म्हणालंय," मी म्हटलं. "चुकलंय."

"माका थंय नक्की काय करूचा लागतला?"

ती चार वर्षं नर्सिंग शिकली, पण सुई, सलाईन, ब्लडप्रेशर. शी-मूत मावशा काढत. मी सांगत बसले नाही. दुसऱ्या सकाळी तिला वरच्या वाडीत नेलं. तिथे माझी लांबची जाऊ आहे, मांडीचं हाड मोडून पडलेली. तिचा मुलगा मुंबईत, सून एकटी. मी तिच्या सुनेला म्हटलं, आज हिचं सगळं माझी नात करील. कुशीवर कसं घ्यायचं, खालची वाकळ अर्धी गुंडाळून कशी काढायची, पुढून मागे कसं पुसायचं, म्हातारीच्या तोंडाकडे बघत बोलत कसं राहायचं म्हणजे तिला लाज वाटत नाही, हे दाखवलं. नातीने सगळं केलं. मग बाहेर जाऊन माडाच्या मुळात ओकली. चूळ भरली, परत आत आली आणि म्हातारीचे केस विंचरले.

आठ दिवस रोज गेली. नवव्या दिवशी म्हणाली, "ह्या मी करीन. माका घाण नाय वाटणा. पण माका वाघ दाखवून न्हेवक नको. काय काम, किती माणसां, ता कागदावर लिवन दी म्हणान सांगतंय."

साहेब सह्यांना आला तेव्हा दिराच्या पडवीत बसला होता, कोकम पीत. नातीने सरळ मराठीत विचारलं. "सर, एका पाळीत मला किती पेशंट असतील? आणि नाही जमलं तर परत येता येईल का? एवढं लिहून द्या, मी आत्ता सही करते."

साहेब हसला. "अगं, असं कोण लिहून देतं? आणि आता परत यायचं काय काढतेस? तुमच्याच देवळात गाऱ्हाणं घातलंय ना? आजीपण होत्या की."

आयुष्यात मी पुष्कळ घाण बघितली. कुजलेलं मासळं, गटार, माणसाच्या पाठीला पडलेली भोकं. पण आमचा देव असा दात कोरायच्या काडीसारखा वापरलेला मी बघितला नव्हता. मी दिराकडे बघितलं. म्हटलं, आता हा तरी बोलेल. तो म्हणाला, "देवाक एकदा सांगलेला आता पुसूक येणा नाय."

"देवाक तू सांगलंस," मी म्हटलं. "तुझ्या कानात ह्येणा सांगलेला."

नातीने सही केली नाही. बाकी तिघींनी केली. सही न करणारीने देवाला दिलेला शब्द मोडला असं वाडीत झालं, आणि दिराच्या घरातून येणंजाणं बंद झालं. नात आता कणकवलीच्या एका दवाखान्यात आहे. जर्मन भाषा अजून शिकते, मोबाईलवर. जाईन तर विचारून जाईन, म्हणते. जावं. मी आड येणार नाही.

त्या तिघींतल्या एकीची आई, माझी गाठ मागे बांधायला निघालेली तीच, मागच्या महिन्यात एका सकाळी धापा टाकत आली. हातात फोन, फोनमध्ये पोरगी. डोळे सुजलेले. "काकी, हिका सांग गे. हिका काय समजणा नाय."

पोरगी म्हणाली, "आजये, एक म्हातारी आसा, नव्वद किलोची. माका ती वळणाच नाय. माजी कंबार गेली. दुसरा कोण नसता मदतीक."

मी फोन जवळ धरला. "तिचा पलीकडचा ढोपर दुमड. दुमडलंस? एक हात खांद्याखाली, एक ढुंगणाखाली. आता ढकलू नको, तुज्याकडे ओढ. आणि आधी तिका सांग, आये, मी तुका वळयतंय."

"तिका मराठी येणा नाय."

"आवाज कळता."

फोन तिने तसाच खाटेवर ठेवला असावा. छत दिसत होतं, पांढरं. पोरीचा आवाज येत होता, "आये, आये, वळयतंय हां," आणि म्हातारीचं कण्हणं, अगदी माझ्या सासूसारखं. मग चादर सरकल्याचा आवाज. तिची आई माझ्या ओट्यावर बसून रडत होती. मी तिला पाणी दिलं. राग होता, पण पाणी दिलं.

तो साहेब अजून फिरतो, असं ऐकते. आता देवगडच्या बाजूला गेलाय, तेच चित्र घेऊन. तुम्ही हे वाचताय, तर माझं एक ऐका. तुमच्या गावात आला आणि ते चित्र खांबाला बांधलं, तर तुम्ही उठून विचारा, म्हातारी माणसां खंय आसत. लाजू नका. आणि तो उत्तर देईपर्यंत कशालाच होय म्हणायला तोंड उघडू नका.